मुंगळा कोणता, पाठ बघून ठरवा

आकारावर अजिबात जाऊ नका. एकाच बिळातले मुंगळे बारके-थोर असतात. मोठ्या डोक्याचा दिसला म्हणून ती वेगळी जात होत नाही.

आमच्या कोल्हापुरात सोय आहे. काकवीचा थेंब बशीत ठेवायचा, मुंगळा खायला थांबला की गुजरीतले सोनार वापरतात तसलं १० पटीचं भिंग लावायचं. मोबाईलचा उजेड तिरका पाडा, वरून नको.

आता बाजूनं पाठ बघा. सगळं कोडं इथंच सुटतं. डोक्यामागून कंबरेपर्यंत सलग कमान असेल आणि पोट साधं काळं, तर तो नेहमीचा काळा मुंगळा, कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. पाठीत मध्येच खाच पडलेली आणि पोटावर दाट, सोनेरी, रेशमी लव असेल तर कॅम्पोनोटस सेरिसियस. लव आधी डोळ्यात भरते खरी, पण माझा भरवसा खाचेवरच, लव झिजते. डोक्याचा लालपणा तर मी धरतच नाही, सेरिसियसमध्ये तो कधी असतो, कधी नसतो.

पाठीवर किंवा कंबरेवर काटे दिसले? मग तो कॅम्पोनोटस गटातला नव्हेच, पॉलिरॅकिस या काटेरी मुंग्यांच्या गटातला असण्याची शक्यता बघा.

बोटानं पकडू नका. नांगी नसली तरी कडकडून चावतो, वर जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडतो.