'खेळाडूंनी ७० टक्के पगार सोडला' असली बातमी वाचायची कशी

सीझन मधेच बंद पडला की थोड्या दिवसांत बातमी येतेच, अमुक क्लबच्या प्लेयर्सनी पगार सोडला. खाली कमेंटमध्ये दोनच पार्ट्या, एक म्हणते काय मोठं मन आहे, दुसरी म्हणते एवढे कोटी घेतात त्यांना काय फरक पडतो, आणि आकडा नीट दोघांनीही वाचलेला नसतो. तो कसा वाचायचा ते सांगतो. उदाहरणं बरीचशी २०२० ची आहेत, कारण तेव्हा कोरोनामुळे जवळपास सगळे खेळ एकदम थांबले आणि प्रत्येकाने हिशोब आपापल्या पद्धतीने केला.

सगळ्यात आधी बघायचं की टक्के नक्की कशाचे. मार्च २०२० मध्ये मेस्सीने इन्स्टावर टाकलं की बार्सिलोना या स्पेनमधल्या फुटबॉल क्लबचे प्लेयर ७० टक्के पगार कमी घेणार, वर क्लबच्या बाकी स्टाफला पूर्ण पगार मिळावा म्हणून स्वतःचे पैसे घालणार. भारीच की. पण ही कपात स्पेनमधली आणीबाणी चालू असेल तेवढ्याच काळापुरती ठरली होती, आणि ती चालली १४ मार्च ते २१ जून. आता मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढा, वर्षाचा पगार १०० रुपये धरा आणि दर महिन्याला सारखाच मिळतो असं समजा, तर तीन महिन्यांचे झाले २५ आणि त्याचे ७० टक्के म्हणजे साडेसतरा. तिकडे इंग्लंडमधल्या आर्सेनल क्लबच्या प्लेयर्सनी एप्रिलमध्ये मान्य केली साडेबारा टक्के कपात, पण पूर्ण वर्षासाठी, म्हणजे १०० मधले साडेबारा. हेडलाइनमध्ये एकीकडे ७० आणि दुसरीकडे साडेबारा, खिशाला फरक पाच रुपयांचा! शिवाय आर्सेनलच्या करारात असंही होतं की पुढे टीम चॅम्पियन्स लीगला (युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा) क्वालिफाय वगैरे झाली तर पैसे परत मिळणार.

त्यामुळे दुसरा प्रश्न, पैसे खरंच गेले का नुसते पुढे ढकलले? इंग्लंडच्याच साउदॅम्प्टन क्लबने सरळ सांगून टाकलं होतं की एप्रिल ते जूनच्या पगाराचा काही भाग नंतर देऊ, ते एक बरं केलं. इटलीतल्या युव्हेंटस क्लबचं प्रकरण मात्र वाचण्यासारखं आहे. २८ मार्च २०२० ला जाहीर झालं की प्लेयर आणि कोच चार महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम सोडतायत, क्लबचे ९ कोटी युरो वाचणार, सगळीकडे टाळ्या. नंतर क्लबच्या तुरिन शहरातल्या सरकारी वकिलांनी चौकशी केली तेव्हा त्यांचं म्हणणं असं आलं की सोडला होता एकच महिना, उरलेल्या तीन महिन्यांचे पैसे परत द्यायचं वेगळ्या कागदांवर आधीच ठरलं होतं. मे २०२३ मध्ये क्लबने साधारण ७ लाख १८ हजार युरो दंड भरून इटलीच्या फुटबॉल फेडरेशनकडचं हे प्रकरण समझोत्याने मिटवलं. म्हणून बातमीत 'परत देणार', 'पुढच्या सीझनमध्ये समायोजन' असलं काही दिसलं की ती कपात धरायची नाही, ती क्लबला दिलेली बिनव्याजी उधारी.

अमेरिकेत हिशोब मॅचवर चालतो. बेसबॉलचा सीझन १६२ मॅचचा, २०२० ला झाल्या ६० आणि प्लेयर्सना मिळाले तेवढ्याच मॅचचे पैसे, म्हणजे साधारण ३७ टक्के. ऐकायला सोपं वाटतं पण मार्चमध्ये करार करूनही जूनपर्यंत भांडण चाललं, कारण मालक म्हणायला लागले की प्रेक्षक नसतील तर हा रेट परवडत नाही. एनबीएमध्ये (तिकडची बास्केटबॉल लीग) तेव्हाच्या करारातच लिहिलं होतं की साथीसारख्या कारणाने मॅच रद्द झाली तर प्रत्येक मॅचमागे पगाराचा ९२.६ वा हिस्सा जाणार, म्हणून १५ मे पासून पगाराचे २५ टक्के आधीच बाजूला काढायला लागले. मला ही पद्धत जास्त पटते, निदान संकट आल्यावर कोणाच्या मनाचा मोठेपणा मोजत बसावं लागत नाही.

अजून एक बघायचं, वाचलेला पैसा गेला कोणाकडे. एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडचे आरोग्यमंत्री फुटबॉल प्लेयर्सना म्हणाले पगार कमी घ्या, तिथल्या प्रीमियर लीगने ३० टक्क्यांचा प्रस्ताव ठेवला, तर प्लेयर्सच्या युनियनने हिशोब दाखवला की वर्षभरात ५० कोटी पौंड कापलेत तर सरकारचाच २० कोटींचा टॅक्स बुडेल आणि उरलेले क्लबमालकांकडे राहतील. मग प्लेयर्सनी स्वतःच फंड काढून पैसे हॉस्पिटलांकडे वळवले. त्याच आठवड्यात लिव्हरपूल क्लबने काही स्टाफला घरी बसवून सरकारी योजनेच्या पगारावर टाकायचं ठरवलं आणि शिव्या पडल्यावर दोन दिवसांत मागे घेतलं.

आता आपल्याकडचं. रणजी खेळणाऱ्याची कपात झालीच नाही, कारण २०२० मध्ये त्याला बोर्डाचा वार्षिक करार नव्हता, मॅच नाही तर फी नाही, विषय संपला. २०२०-२१ ची रणजी झालीच नाही, दिवसाला ३५ हजार फी होती, म्हणजे चार दिवसांच्या मॅचचे १ लाख ४० हजार, आणि मुंबई असो महाराष्ट्र असो विदर्भ असो, नोकरी नसलेल्या पोरांचं वर्ष कोरडं गेलं. बोर्डाने भरपाई म्हणून मॅच फीच्या ५० टक्के द्यायचं जाहीर केलं ते थेट सप्टेंबर २०२१ मध्ये. अशा माणसाची 'पगार कापला' अशी बातमी कधी येतच नाही.

फुटबॉलमध्ये २०२५ ला वेगळंच झालं, साथ नाही काही नाही, लीग चालवायच्या हक्कांचा करार संपत आला म्हणून जुलैमध्ये आयएसएल (इंडियन सुपर लीग) थांबवली, एफसी गोवा आणि मुंबई सिटीसकट सगळेच लटकले आणि ऑगस्टमध्ये बंगळुरू क्लबने फर्स्ट टीमचे पगारच थांबवले. तुमच्या ओळखीचा कोणी असा अडकला असेल तर त्याला सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवर 'ओके सर' पाठवू नकोस, किती टक्के, किती महिने, परत कधी हे कागदावर घे. फिफाच्या नियमात दोन महिन्यांचे पगार थकले की लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यायची आणि तरी पैसे आले नाहीत तर करार तोडता येतो, फक्त देशातल्या प्लेयरने आधी आपल्या फेडरेशनचे नियम बघायचे. आणि क्लबने परस्परच कापले असतील तर २०२० मध्ये फिफाने काय तपासायचं ठरवलं होतं ते लक्षात ठेवायचं: आधी बोलणी केली का, क्लबची हालत खरंच वाईट आहे का, कापून प्लेयरच्या हातात किती उरतात, आणि सगळ्यांना एकच न्याय लावला का फक्त ज्युनियर पोरांनाच धरलं.