बाहेरचा हात कसा तपासावा

वर्तमानपत्राच्या परदेश पानावर काम करताना 'परकीय शक्ती' हे पात्र जवळपास रोज भेटतं. सरकार म्हणतं विरोधकांना परक्यांची फूस आहे. विरोधक म्हणतात सरकारच परक्यांच्या तालावर नाचतंय. यातलं काय छापायचं आणि काय कापायचं, हे ठरवताना मी जे करतो ते इथे सांगतो. उदाहरणाला लिबिया घेतो, कारण हस्तक्षेपाचे बहुतेक सगळे प्रकार तिथे एकाच ठिकाणी सापडतात.

सगळ्यात आधी परक्यांना बाजूला ठेवून मूळ भांडण एका ओळीत लिहून काढा. लिबियात २०११ मध्ये गद्दाफीची राजवट कोसळली. २०१४ च्या निवडणुकीनंतर देशात दोन सत्ताकेंद्रं झाली, एक त्रिपोलीत, दुसरं पूर्वेकडे. तेलाचे मोठे साठे आणि निर्यातीची महत्त्वाची बंदरं पूर्वेच्या बाजूला, पण तेलाचा पैसा जमा होतो त्रिपोलीतल्या मध्यवर्ती बँकेत. एवढं लिहिलं की कळतं, इथे बाहेरचं कुणी आलं नसतं तरी धुसफुस होणारच होती. ही ओळ लिहिता येत नसेल, तर बातमी अजून आपल्यालाच कळलेली नाही. 'सगळं परक्यांनी केलं' असं लिहिणं सोपं पडतं, आणि त्या देशातल्या पुढाऱ्यांनाही ते फार सोयीचं असतं.

मग 'अमुक देशाचा पाठिंबा' या वाक्यावर अडून बसा. पाठिंबा म्हणजे नेमकं काय दिलं? पैसा, शस्त्रं, माणसं, की नुसती मान्यता? एप्रिल २०१९ मध्ये पूर्वेकडचे लष्करी नेते खलिफा हफ्तर यांच्या फौजा त्रिपोलीवर चालून गेल्या. त्यांच्या बाजूला संयुक्त अरब अमिराती, इजिप्त आणि रशियाच्या वॅग्नर कंपनीची भाडोत्री माणसं होती. त्रिपोली सरकारकडे तुर्कस्तानचे ड्रोन. लिबियाला शस्त्रं पुरवण्यावर संयुक्त राष्ट्रांची बंदी २०११ पासून लागू होतीच. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने डिसेंबर २०१९ च्या अहवालात तुर्कस्तान, अमिराती आणि जॉर्डन यांची नावं घेऊन ती मोडल्याचं सांगितलं. असा अहवाल हाताशी असेल तर 'म्हटले जाते', 'चर्चा आहे' वगैरे लिहायची गरजच उरत नाही.

माझं लक्ष मात्र बंदुकांपेक्षा नोटांकडे आधी जातं. पूर्वेकडच्या समांतर मध्यवर्ती बँकेने लिबियन दिनार चक्क रशियातल्या सरकारी छापखान्यात छापून घेतले. त्यातला सुमारे १.१ अब्ज डॉलर किमतीचा साठा माल्टात अडवल्याचं मे २०२० मध्ये जाहीर झालं. विचार करा: एका देशाच्या दोन मध्यवर्ती बँका होत्या, आणि त्यातल्या एकीच्या नोटा रशियातून पेट्यांमधून येत होत्या. सैनिकांचे पगार कशातून होत असतील, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. युद्धाची बातमी वाचताना पगार कोण देतं, हा प्रश्न विचाराच.

दार आतून कुणी उघडलं, हेही बघायचं. तुर्कस्तानच्या संसदेने २ जानेवारी २०२० ला सैन्य पाठवायला मंजुरी दिली, ती त्रिपोली सरकारच्या विनंतीवरून, आणि त्या सरकारला संयुक्त राष्ट्रांची मान्यता होती. कायद्याच्या नजरेत याने फरक पडतो. पण आमंत्रण आहे म्हणजे हेतू स्वच्छ, असं मी मानत नाही. सैन्याच्या आधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, दोघांत भूमध्य समुद्रातल्या हद्दीचा करार झाला होता. मदतीच्या मागेपुढे महिनाभरात कोणता करार झाला, हे जरूर चाळा.

परिषदांच्या बातम्यांना तारीख लावून ठेवा. १९ जानेवारी २०२० ला बर्लिनमध्ये यातले बहुतेक देश एका टेबलाशी बसले आणि शस्त्रबंदी पाळण्याचं वचन देऊन उठले. २५ तारखेला संयुक्त राष्ट्रांचं लिबियातलं कार्यालय सांगत होतं की विमानं भरभरून शस्त्रं येतच आहेत. पहिली बातमी मोठी लागते, दुसरी कोपऱ्यात जाते. मी कॅलेंडरवर खूण करतो.

कधीकधी बातमी कुठून आली यातच सगळं असतं. ४ नोव्हेंबर २०१७ ला लेबनॉनचे पंतप्रधान साद हरिरी यांनी राजीनामा जाहीर केला, तो बैरूतहून नव्हे तर सौदी अरेबियातल्या रियाधहून, टीव्हीवर. भाषणात ठपका इराण आणि त्याचा पाठिंबा असलेल्या लेबनॉनमधल्या हिजबुल्ला संघटनेवर. मायदेशी परतल्यावर त्यांनी आधी राजीनामा स्थगित केला आणि डिसेंबरमध्ये मागेच घेतला. अशा बातमीत पहिल्या वाक्यातच गावाचं नाव आलं पाहिजे.

टीका करणं, निवडणुकीवर मत देणं, राजदूताने विरोधकांना भेटणं, याला लगेच हस्तक्षेप म्हणू नका. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वा विरुद्ध अमेरिका खटल्याच्या १९८६ च्या निकालात जबरदस्ती ही कसोटी धरली. अमेरिकेने निकाराग्वाच्या बंडखोरांना शस्त्रं आणि प्रशिक्षण देणं हा बळाचा वापर ठरला; नुसता पैसा पुरवणं बळाचा वापर ठरला नाही, पण हस्तक्षेप ठरला. मी हाच उतरता क्रम वापरतो.

पुरावा नसेल तर 'आरोप' लिहा, कुणाचा तेही लिहा, आणि कात्रण जपून ठेवा. १९५३ मध्ये इराणचे पंतप्रधान मोसादेघ यांची सत्ता उलथवण्यात अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेचा हात होता, हे तिच्याच कागदांत उघडपणे मान्य झालेलं दिसलं ते २०१३ मध्ये. चिलीच्या बाबतीत अमेरिकी सिनेटच्या समितीने १९७५ मध्येच अहवाल काढला, म्हणजे तिथले राष्ट्राध्यक्ष अयेंदे यांच्याविरुद्धच्या लष्करी उठावानंतर दोनच वर्षांनी. त्यामुळे संसदीय चौकशीचे अहवाल आणि खुले झालेले सरकारी कागद आले की जुनी फाइल काढून 'आरोप' लिहिलेल्या बातम्या पुन्हा तपासायच्या.