इजिप्तच्या थडग्यांतील उठावशिल्पे पाहताना या चुका टाळा

प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतील रंगीत कोरीव भिंतींना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हटले जाते, आणि पाहण्यातील चुकांची सुरुवात तिथूनच होते. फ्रेस्कोमध्ये रंग ओल्या चुन्यात मुरतो. इजिप्तचे कारागीर मात्र डिंकासारख्या पदार्थात कालवलेला रंग कोरड्या पृष्ठभागावर देत असत. अजिंठ्याची चित्रेही कोरड्या गिलाव्यावरच रंगवलेली आहेत.

उघडा दगड दिसला की तो मुळातच तसा ठेवला होता, असे समजू नये. इजिप्तच्या राजांची दफनभूमी असलेल्या ‘राजांच्या खोऱ्यात’ १९०८ मध्ये सापडलेले होरेमहेब या राजाचे थडगे याबाबत सर्वांत चांगला शिक्षक आहे, कारण त्याच्या दफनकक्षाचे काम अर्धवट राहिले. तेथे लाल रेषांचा पहिला आराखडा, त्यावर काळ्या रेषांनी केलेली दुरुस्ती, अर्धवट कोरलेल्या आकृत्या असे टप्पे एकाच कक्षात दिसतात. रंगकाम ही या कामाची अखेरची पायरी होती. माझ्या मते पूर्ण झालेली थडगी पाहण्यापूर्वी याच भिंती, निदान छायाचित्रांत, नीट पाहाव्यात.

आकाराच्या फरकावरून वय किंवा अंतर ठरवणे हीदेखील नेहमीची चूक आहे. सक्कारा या दफनभूमीतील, ‘ती’ नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात पाणघोड्यांच्या शिकारीचे दृश्य आहे. त्यात स्वतः हा अधिकारी होडीत स्तब्ध उभा असून भाले चालवणाऱ्या सेवकांपेक्षा कितीतरी मोठा कोरलेला आहे. हे मोठेपण त्याच्या दर्जाचे आहे. डोके व पाय बाजूने, तर डोळा व खांदे समोरून दाखवण्यामागेही प्रत्येक अवयव ओळखू यावा हा हेतू होता; ते कौशल्याचे उणेपण नव्हे.

भिंतीवरील कोरीव लेखाचा क्रम कळत नसल्यास चित्रलिपीतील माणसांची आणि पक्ष्यांची तोंडे पाहावीत. ती ज्या बाजूला वळलेली असतात, त्या बाजूने वाचन सुरू होते. कोरीवकाम सपाट भासत असल्यास थोडे बाजूला सरकून पाहावे, म्हणजे आकृती पृष्ठभागावर उठलेली आहे की आत खोदलेली, हे सावल्यांवरून कळते.

झालेली हानी एकाच कारणाची मानू नये. केवळ चेहरा किंवा नाव छिन्नीने खरवडलेले असेल, तर ते बहुधा हेतुपुरस्सर केलेले असते. गिलावा फुगून पोपडे सुटले असतील, तर मिठाचा संशय घ्यावा. राणी नेफर्तारीच्या थडग्यात खडकातील क्षारांचे स्फटिक वाढून कोरलेला, रंगवलेला गिलावाच भिंतीपासून सुटू लागला होता आणि त्याच्या संवर्धनाचे काम १९९२ पर्यंत चालले. अशा भिंतीला बोटही लावू नये, आणि आत फार वेळ रेंगाळूही नये, कारण श्वास व घाम यांचा ओलावा त्या क्षारांना पुन्हा जागे करतो.