डॉक्टर हाताशी नसताना घोड्याला पेनकिलर: बाटली उघडायच्या आधी काय करायचं

घोडा लंगडतोय, किंवा सारखा मान वळवून पोटाकडे बघतोय, डॉक्टर फोन उचलत नाहीयेत आणि कपाटात मागच्या वेळची ब्युटची पावडर नाहीतर फ्लुनिक्झिनची बाटली उरलेली आहे. घोडा ठेवणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येतेच. जनावराला दुखताना बघवत नाही, त्यामुळे हात पहिला त्या बाटलीकडेच जातो, हे मला अगदी कळतं. पण क्रम उलटा करा: आधी घोडा नीट तपासून आकडे लिहून काढायचे, मग डॉक्टरला गाठायचं, कुठलाही डॉक्टर चालेल, आणि औषध त्यानंतर, तेही त्याने हो म्हटलं तरच. डॉक्टर फोनवर सापडेपर्यंत करता येण्यासारखं भरपूर काम असतं, ते खाली सविस्तर लिहितोय.

आधी हे औषध करतं काय ते बघू. ब्युट म्हणजे फेनिलब्युटाझोन, फ्लुनिक्झिन, मेलॉक्सिकॅम, किटोप्रोफेन, फिरोकॉक्सिब, नावं वेगळी असली तरी सगळी एकाच घराण्यातली. शरीरात सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, ती बनणं ही औषधं कमी करतात. अडचण अशी की हीच प्रोस्टाग्लँडिन जठराचं आणि आतड्याचं अस्तर सांभाळतात आणि अंगातलं पाणी कमी झालं की किडनीचा रक्तपुरवठाही टिकवून धरतात. त्यामुळे डोस जास्त झाला, जास्त दिवस चालला किंवा घोडा पाणीच पीत नसताना दिला तर जठरात अल्सर होतात, मोठ्या आतड्याच्या उजव्या भागाला जखमा होऊन जुलाब लागतात, रक्तातलं प्रोटीन घसरतं, किडनीला इजा होते. त्यात घोड्याचं जठर लहान, त्यात आम्ल दिवसभर सुटत राहतं, आणि घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणजे एकदा गेलेलं औषध बाहेर यायचा तो रस्ताच बंद.

दुसरा धोका मला याच्याहून मोठा वाटतो. दुखणं कुठे आहे, किती आहे, वाढतंय का, यावरूनच डॉक्टर निदान करतात आणि तुम्ही आधीच पेनकिलर दिली की तीच माहिती पुसली जाते. पोटशूळात तर फार जपायला हवं, कारण आतड्याला पीळ पडला असेल तर ऑपरेशन करायचं की नाही हे काही तासांतच ठरवावं लागतं, आणि फ्लुनिक्झिन दिलं की घोडा शांत उभा राहतो, सगळ्यांना वाटतं बरं वाटतंय, आणि आत आतडं काळं पडत असतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून एक डोस दिला आणि काही तासांतच दुखणं परत उसळलं तर ते स्वतःच मोठं धोक्याचं लक्षण आहे, तेव्हा दुसरा डोस शोधत बसू नका, डॉक्टरला लगेच कळवा.

लंगडण्याचंही तसंच. पायाच्या हाडाला बारीक चीर गेली असेल तर दुखतंय म्हणूनच घोडा त्या पायावर भार देत नाही, दुखणं थांबवलं की तो भार देतो आणि चिरेचं पूर्ण फ्रॅक्चर होऊ शकतं. सांध्याजवळची जखम बाहेरून छोटीशी दिसते पण आत सांध्यात जंतू गेलेले असू शकतात, आणि अशा वेळी पेनकिलरवर घोडा नीट चालला की दोन दिवस वाया जातात, तेच दोन दिवस सांधा वाचवायला महत्त्वाचे असतात. खुरात पू झाला असेल तर नालबंद किंवा डॉक्टर दाबून बघून नेमकी जागा शोधतात, ती जागाही सापडेनाशी होते. कामानंतर घोडा एकदम आखडला, घाम फुटला, लघवी कॉफीसारखी गडद झाली तर स्नायू फुटून त्यातलं द्रव्य किडनीत चाललंय, त्या वेळी किडनीवर भार टाकणारं औषध मनाने देणं फार जोखमीचं, घोड्याला चालवूही नका, आहे तिथेच उभा ठेवा.

मग आता घोडा तपासायचा. थर्मामीटरला दोरी बांधून, थोडं तेल किंवा व्हॅसलिन लावून, घोड्याच्या बाजूला उभं राहून (मागे उभं राहायचं नाही, दुखणारा घोडा लाथ मारतो) गुदद्वारात ताप बघा. मोठ्या घोड्याचा ताप साधारण ३७ ते ३८.५ अंश सेल्सिअस असतो. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला बोटांनी लागते, १५ सेकंद मोजून चारने गुणा, विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४ असते, आणि शांत उभा असतानाही ६० च्या वर असेल तर डॉक्टर येईपर्यंत थांबायची वेळ नाही, घोड्याला दवाखान्यात हलवायची तयारी सुरू करा. श्वास ८ ते १६. हिरडी बोटाने दाबून सोडा, रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा, हिरड्या फिकट, गडद लाल किंवा जांभळ्या दिसल्या तर तेही सांगायचं. पोटाला दोन्ही बाजूंनी कान लावा, गुडगुड येतेय का. लीद शेवटची कधी टाकली, कशी होती, पाणी किती प्यायला.

पाय दुखत असेल तर चारही खुरांवरून हात फिरवा, एखादा जास्त गरम लागतोय का बघा, आणि घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना नाडी चाचपा. एरवी ती जेमतेम लागते, ठणठण उडत असेल तर खुरात काहीतरी चाललंय. पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून भार मागच्या पायांवर टाकून उभा असेल तर लॅमिनायटिसची, म्हणजे खुराच्या आतल्या थरांना येणाऱ्या सुजेची, शंका पहिली घ्या. खुरात खिळा रुतलेला दिसला तर लगेच उपटू नका, तो कुठे आणि किती खोल गेलाय हे डॉक्टरांना बघायचं असतं, फोटो काढा आणि विचारा. सगळं वेळेसकट कागदावर लिहा आणि मोबाईलवर छोटा व्हिडिओ काढा, चालताना आणि उभा असताना. अर्धवट माहितीवर डॉक्टर फोनवर काही सांगायला धजत नाहीत, पण आकडे आणि व्हिडिओ मिळाला की नीट सल्ला मिळतो, हा फरक मी बरेचदा पाहिलाय.

औषधाशिवाय काय करता येतं? बरंच. लंगडणाऱ्या घोड्याचं काम तिथल्या तिथे बंद, मऊ अंथरूण, कमी जागेत ठेवा. ताजी सूज किंवा मुरगळ असेल तर थंड पाण्याची धार १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीनचार वेळा. लॅमिनायटिस वाटत असेल तर खूर आणि त्याच्या वरचा भाग बर्फाच्या पाण्यात सतत बुडवून ठेवणं हा सुरुवातीच्या तासांतला खरोखर कामाचा उपाय आहे, त्यात खंड पडू देऊ नका, आणि चंदी पूर्ण बंद. पोटशूळात खायचं सगळं काढून घ्या, पाणी राहू द्या, लोळून स्वतःला इजा करत असेल तर हळूहळू चालवा पण तासन् तास फिरवून दमवू नका. तोंडाने तेल वगैरे ओतणं तर अजिबात नको, ते फुफ्फुसात जाऊ शकतं आणि त्याने घोडा दगावू शकतो.

आता फोनवर. नेहमीचे डॉक्टर नसतील तर दुसरे, जवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजचा दवाखाना, रेस किंवा रायडिंग क्लबचे डॉक्टर, कुणीही. घरात कुठलं औषध आहे ते बाटलीवरचं वाचून सांगा, नावासोबत ताकदही, कारण मेलॉक्सिकॅमचंच उदाहरण घ्या, कुत्र्यासाठीचं तोंडाने द्यायचं द्रव एका मिलिलिटरमध्ये १.५ मिलिग्रॅमचं असतं आणि घोड्यासाठीचं १५ मिलिग्रॅमचं, म्हणजे तेवढ्याच मिलिलिटरमध्ये दहापट फरक. एक्सपायरी बघा. याआधी कुठलं औषध कधी दिलंय तेही सांगा, लपवू नका, साईसने (घोड्याची देखभाल करणाऱ्याने) किंवा दुसऱ्या कुणी दिलं असेल तर त्यालाही विचारून घ्या.

आणि वजन सांगा, अंदाजपंचे नको. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून आणि पाठीच्या उंचवट्याच्या मागून सेंटिमीटरमध्ये घ्या, लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागे ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०, की किलो मिळतात. घेर १५० आणि लांबी १३५ असलेलं तट्टू साधारण २५६ किलोचं भरतं. ब्युटचा डोस पहिल्या दिवशी किलोला ४.४ मिलिग्रॅम दोन वेळा आणि मग निम्मा, ही डॉक्टर साधारण पाळतात ती वरची मर्यादा. ४५० किलोच्या घोड्याला त्या हिशोबाने २ ग्रॅम एका वेळी होतात. तेच २ ग्रॅम या तट्टाला दिले तर किलोला जवळजवळ ७.८ मिलिग्रॅम झाले, दोन वेळा दिले तर दिवसाचे १५.६, आणि ब्युटची सुरक्षित पट्टी इतकी अरुंद आहे की असे काही दिवस गेले तर तट्टू मरू शकतं. तट्टं मुळात मोठ्या घोड्यांपेक्षा ब्युटला नाजूक असतात. शिंगराला तर मनाने काहीच देऊ नका. गाढवाचं शरीर ही औषधं वेगळ्या वेगाने काढून टाकतं आणि गाढव दुखणं दाखवतही नाही, त्यामुळे घोड्याचा हिशोब त्याला लावू नका.

डॉक्टरांनी हो म्हटलं, औषध आणि डोस सांगितला, तर तो लिहून घ्या आणि परत वाचून दाखवा. तोंडाने द्यायचं असेल तर आधी तोंडात चारा अडकलेला नाही ना बघा, पेस्ट जिभेच्या मागच्या भागावर सोडा, डोकं थोडा वेळ वर धरा. खात नसलेल्या, पाणी न पिणाऱ्या किंवा जुलाब लागलेल्या घोड्याची ती गोष्ट डॉक्टरांना सांगितल्याशिवाय डोस देऊ नका. आणि दिल्यावर तासाभरात गुण येईना म्हणून अजून थोडं, हे कधीच नाही. ब्युट पोटातल्या वैरणीला चिकटतं आणि उशिरा रक्तात उतरतं, तुम्ही दुसरा डोस देता आणि मग दोन्ही एकदम लागू पडतात.

इंजेक्शन स्वतः देऊ नका, हे अगदी कळकळीने सांगतोय. ब्युट स्नायूत किंवा शिरेच्या बाहेर गेलं तर तिथलं मांस सडून गळतं. फ्लुनिक्झिन स्नायूत दिल्यावर काही घोड्यांना क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जंतूंचा संसर्ग होतो, टोचलेली जागा फुगते, आणि घोडा एकदोन दिवसांत जाऊ शकतो. मानेच्या शिरेजवळच मेंदूकडे जाणारी धमनी असते, सुई तिच्यात गेली तर घोडा झटके येऊन तिथेच कोसळतो आणि खाली माणूस सापडू शकतो.

दोन पेनकिलर एकत्र नाहीत, ब्युटवर फ्लुनिक्झिन तर नाहीच नाही. एकाने भागेना म्हणून दुसरी जोडली की वेदना फारशी जास्त कमी होत नाही, अल्सर आणि किडनीचा धोका मात्र वाढतो. स्टेरॉइड चालू असेल, जेन्टामायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल, घोडी गाभण असेल, आधी किडनी किंवा लिव्हरचा त्रास झाला असेल, तर हे आधी सांगायचं. माणसांच्या गोळ्या, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे, घोड्याला नकोत. डायक्लोफिनॅकचं अजून एक आहे, ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडांची किडनी बंद पडून ती मरतात, याच कारणाने भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घातली.

औषध दिल्यावर वेळ, नाव, मात्रा दारावर लिहून लावा म्हणजे दुसरं कुणी परत देणार नाही. ब्युट हाताळताना ग्लोव्हज घाला आणि हात धुवा, माणसात ते क्वचित रक्त बनवणारी मज्जा बंद पाडतं, म्हणूनच ब्युट दिलेल्या घोड्याचं मांस माणसाच्या खाण्यात जाऊ देत नाहीत. पुढचे दिवस बघत राहा: चंदी सोडणं, दात खाणं, तोंडात फोड, पातळ लीद, पोटाखाली किंवा पायांवर सूज, सुस्ती. यातलं काही दिसलं की औषध थांबवून लगेच फोन. गोळीवर नीट चालणारा घोडा बरा झालेला नसतो, त्याच्यावर स्वार होऊ नका, आणि स्पर्धा असेल तर औषध टेस्टमध्ये दिसतंच, अमेरिकेतल्या १९६८ च्या केंटकी डर्बी शर्यतीत पहिला आलेल्या डान्सर्स इमेज या घोड्याचं बक्षीस ब्युट सापडल्यामुळेच गेलं होतं.

आणि एक काम आज करा, घोडा ठणठणीत असताना. डॉक्टरांना बोलावून घोडा दाखवा, वजन मोजून घ्या, आणि तुमच्याच घोड्यासाठी कागदावर लिहून मागा की तुम्ही लगेच येऊ शकला नाहीत तर कुठल्या त्रासात काय द्यायचं, किती द्यायचं, किती वेळा, आणि कुठल्या त्रासात फोन लागेपर्यंत काहीच द्यायचं नाही. त्याखाली दुसऱ्या दोन डॉक्टरांचे नंबर आणि घोडा नेणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर लिहा, नेहमीची नाडी, ताप आणि श्वास लिहा, आणि कागद प्लास्टिकमध्ये घालून थर्मामीटरच्या शेजारी टांगा, जिथे साईसलाही रात्री सापडेल.