पुस्तकांची ऑनलाइन मेंबरशिप कशी निवडावी

कोणती मेंबरशिप घेऊ, असं विचारणाऱ्याला मी आधी दोन प्रश्न विचारते. गेल्या वर्षी किती पुस्तकं शेवटच्या पानापर्यंत वाचलीत? आणि येत्या सहा महिन्यांत कोणती वाचायची आहेत? पहिल्या प्रश्नाला माणसं आढ्याकडे बघतात. दुसऱ्याला म्हणतात, "तशी ठरवलेली नाहीत, पण दोनशे रुपयांत लाखो पुस्तकं मिळतात की!" लाखो पुस्तकं मिळतात हे खरंच आहे. त्यांतली बहुतेक तुम्ही कधी उघडणार नाही, हेही तेवढंच खरं. इंटरनेटवर तुलनेचे जे तक्ते फिरतात त्यांत दर असतो, पुस्तकांची संख्या असते, किती फोनवर चालेल ते असतं. तुम्हाला हवं ते पुस्तक तिथे आहे का, हा रकाना कुठेच सापडत नाही. मराठी वाचणाऱ्याच्या कामाचा तर तोच.

तेव्हा पहिलं काम कागदावर. वाचायच्या पंधरा पुस्तकांची नावं लिहा, लेखक आणि प्रकाशनासकट. पंधरा आठवत नसतील तर अजून मेंबरशिपची वेळ आलेली नाही.

मग त्या यादीतून फुकट मिळणारी पुस्तकं काढून टाका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ उजाडल्यापासून त्यांचं लेखन सगळ्यांना खुलं आहे. ते वाचायला दरमहा पैसे मोजायचं काही कारण नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी जाडजूड पुस्तकं मंडळाच्याच संकेतस्थळावर पीडीएफमध्ये आहेत. विकिस्रोत आहे, ई साहित्य प्रतिष्ठान आहे. मुलांसाठी काही हवं असेल तर नॅशनल बुक ट्रस्टचं राष्ट्रीय ई-पुस्तकालय हे अ‍ॅप आधी उघडून बघा. त्यालाही पैसे पडत नाहीत.

कोल्हापुरात राहणाऱ्यांनी यादी घेऊन एकदा करवीर नगर वाचन मंदिरातही जाऊन यावं. १८५० सालापासूनची संस्था आहे. जुनी मराठी कादंबरी, चरित्रं, नाटकं यांच्या बाबतीत कुठलंही अ‍ॅप तिच्या कपाटांच्या जवळपास येत नाही. माझ्या यादीतली निम्मी नावं दर वेळी तिथेच गळतात. उरलेल्या नावांसाठी ऑनलाइनचा विचार करायचा.

प्रकार ओळखा

सगळ्याला सरसकट 'सबस्क्रिप्शन' म्हणतात, पण आतले व्यवहार वेगवेगळे आहेत आणि गोंधळ बहुतेक तिथेच होतो.

किंडल हे अ‍ॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र आणि अ‍ॅप. त्यावरचं किंडल अनलिमिटेड म्हणजे उसनं वाचन. एका वेळी २० पुस्तकं घेता येतात. एकविसावं हवं असेल तर एक परत करायचं. मेंबरशिप संपली की उसनी घेतलेली सगळी पुस्तकं जातात, अर्धवट राहिलेलीसुद्धा. घरात अ‍ॅमेझॉन प्राइम आहे म्हणून हे आपोआप मिळतं असं अनेकांना वाटतं. तसं नाही. प्राइमबरोबर मिळतं ते प्राइम रीडिंग. तो छोटा, बदलता संग्रह आहे. अनलिमिटेडचे पैसे वेगळे.

ऑडिबल हे अ‍ॅमेझॉनचंच ऑडिओबुकांचं अ‍ॅप. त्याचा हिशोब क्रेडिटचा. महिन्याला एक क्रेडिट, एका क्रेडिटला एक पुस्तक, आणि घेतलेलं पुस्तक मेंबरशिप बंद केल्यावरही तुमचंच राहतं. न वापरलेलं क्रेडिट मात्र बंद करताना बुडतं, म्हणून आधी क्रेडिट खर्च करायचं आणि मग बंद करायचं. इंग्रजी ऐकणाऱ्याला हा सौदा चांगला आहे.

स्टोरीटेलचा पाया ऐकण्याचा. २०१७ साली ते भारतात आलं तेच इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठी घेऊन. मराठी ऑडिओबुक हवं असेल तर सुरुवात तिथून करा. कुकू एफएमवर भागाभागांत ऐकायच्या मालिका आणि पुस्तकांचे सारांश भरपूर आहेत. प्रतिलिपीवर क्रमशः कथा. बऱ्याचशा फुकट, पुढचे भाग लगेच हवे असतील तर पैसे. हे तिन्ही वाईट नाहीत, पण 'मला पुस्तकं वाचायची आहेत' म्हणणाऱ्या माणसाने यांतलं काय पुस्तक आहे आणि काय मालिका आहे हे आधी बघावं.

बुकगंगासारख्या ठिकाणी ई-पुस्तक सरळ विकत मिळतं. तो पर्याय तुलनेतून कुणीही गाळू नये. का ते हिशोबात येईलच.

यादी ताडून बघणं: इथे घाई नको

हाच टप्पा मला सगळ्यात जास्त छळून गेला, आणि सल्ला देणारे याच टप्प्यावर 'तुमची आवडती पुस्तकं उपलब्ध आहेत का ते तपासा' एवढं एक वाक्य टाकून पुढे पळतात. तपासायचं कसं, ते कोण सांगणार?

पैसे भरायच्या आधी तपासायचं. फुकट महिना घेऊन मग बघू, असं म्हणणाऱ्याचा तो महिना बघण्यातच जातो. अ‍ॅमेझॉनवर प्रत्येक पुस्तकाचं पान मेंबरशिपशिवाय उघडतं, आणि ऑडिओच्या बहुतेक अ‍ॅपांतही नावं आधी चाळता येतात.

शोध देवनागरीत घ्या, मग रोमन लिपीत घ्या, मग नुसत्या आडनावाने घ्या. आद्याक्षरांच्या फंदात पडू नका. लेखकाच्या नावात दोन अक्षरं आणि दोन टिंबं असतील तर कुणी टिंबानंतर जागा सोडलेली असते, कुणी नाही, कुणी टिंबंच गाळलेली असतात, आणि शोधयंत्राला ही तीन वेगळी माणसं वाटू शकतात. आडनाव आणि शीर्षकातला एक ठळक शब्द, एवढं पुरतं.

अजून एक खोड मराठीचीच आहे. 'वाऱ्यावर', 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला तो आडवा र संगणकात दोन पद्धतींनी लिहिला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र वेगळे. तुमच्या कीबोर्डवरून एक प्रकार जातो, पुस्तक चढवणाऱ्याने दुसरा वापरलेला असतो, आणि उत्तर येतं 'काही सापडलं नाही'. असा र असलेला शब्द शोधातून सरळ वगळा आणि शीर्षकातला दुसरा शब्द टाका. जुन्या पुस्तकांच्या नावांत जुन्या वळणाचे अनुस्वारही असतात. तेही देऊन आणि काढून बघा. एवढं केल्याशिवाय 'मराठीत काहीच नाही' असा निकाल देऊ नका. उलट माझं मत विचाराल तर, या शोधातून पुस्तक सापडल्याचा आनंदही लगेच साजरा करू नका. सापडलं म्हणजे मेंबरशिपमध्ये आहे असं होत नाही.

किमतीच्या जागी बघा. किंडल अनलिमिटेडमध्ये असलेल्या पुस्तकावर तसं लिहिलेलं असतं आणि मेंबराला शून्य रुपये दाखवलेले असतात. तो शिक्का नसेल तर पुस्तक दुकानात आहे पण तुमच्या मेंबरशिपमध्ये नाही, ते वेगळं विकत घ्यावं लागेल. नामवंत मराठी प्रकाशनांची कितीतरी पुस्तकं अशी निघतात. याचं एक कारण समजून घ्या. स्वतः पुस्तक चढवणारा लेखक ते अनलिमिटेडमध्ये टाकतो तेव्हा ९० दिवस त्याचं ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकू शकत नाही, आणि पैसे त्याला वाचल्या गेलेल्या पानांवर मिळतात. नव्या लेखकाला हे परवडतं. ज्याची पुस्तकं चार ठिकाणी खपतात त्याला बांधून घेणं सोयीचं नसतं. म्हणून तिथे नवे, स्वतः छापणारे लेखक खूप भेटतात आणि आपल्या आईवडिलांच्या कपाटातली नावं कमी भेटतात. शिवाय मुदत संपल्यावर लेखक पुस्तक काढूनही घेऊ शकतो. आज आहे ते दिवाळीत असेलच असं नाही.

पुस्तकाच्या पानावर खाली तपशील असतात. भाषा, पानं, प्रकाशक. तिन्ही वाचा. मराठी कादंबरी म्हणून उघडलेलं पान तिच्या इंग्रजी अनुवादाचं निघतं. छापील चारशे पानांचं पुस्तक तिथे साठ पानांचं दिसलं तर तो सारांश आहे, किंवा कुणीतरी भाग पाडून विकतंय. मालिकेतला पहिला भाग मेंबरशिपमध्ये आणि पुढचे विकत, हाही नेहमीचा प्रकार.

मग नमुना उतरवा आणि अक्षर मोठं करून बघा. ही पायरी गाळणाऱ्याची मला दया येत नाही. काही मराठी ई-पुस्तकं म्हणजे छापील पानांचे नुसते फोटो असतात. अक्षर वाढत नाही, पान सरकवत सरकवत वाचावं लागतं, आणि सहा इंची किंडलवर तर डोळे फुटायची वेळ येते. अक्षर वाढलं, ओळी नीट मोडल्या, जोडाक्षरं शाबूत राहिली, तर पुस्तक पास. किंडलवर मराठी २०१६ सालापासून अधिकृतपणे आहे, त्यामुळे दोष बहुधा यंत्राचा नसतो, पुस्तक बनवणाऱ्याचा असतो.

ऑडिओसाठी परीक्षा वेगळी. आधी कालावधी बघा. तीनशे पानांची कादंबरी अथपासून इतिपर्यंत वाचली तर आठ-दहा तासांच्या खाली सहसा येत नाही. दोन तासांत आटोपत असेल तर ती कापलेली आहे. मग आवाज ऐका, आणि ज्याला ऐकायचं आहे त्यालाच ऐकवा. माझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्या ऐकतात. मला भारदस्त वाटलेला एक आवाज त्यांनी पहिल्या मिनिटात बाद केला. "हा बातम्या सांगतोय, गोष्ट कुठं सांगतोय?" म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं.

प्रत्येक नावापुढे खूण करत चला: आहे, विकत आहे, नाही. उरलेल्या नावांतली एक तृतीयांशसुद्धा 'आहे' निघाली नाहीत तर ती मेंबरशिप तुमच्यासाठी नाही, दर कितीही कमी असो.

हिशोब

महिन्याच्या दराने फसू नका, पूर्ण केलेल्या पुस्तकाचा भाव काढा. समजा वर्षाला दोन हजार रुपये जातात आणि तुम्ही आठ पुस्तकं पुरी करता. एका पुस्तकाला अडीचशे पडले, आणि वर्षाअखेरीस हातात एकही नाही. तेवढ्यात कितीतरी मराठी ई-पुस्तकं कायमची विकत येतात. महिन्याला तीन-चार पुस्तकं फस्त करणाऱ्याचं गणित उलटं येतं, त्याने खुशाल मेंबरशिप घ्यावी. दर बदलत राहतात, म्हणून आकडे त्या दिवशीच्या पानावरून घ्या, मैत्रिणीच्या आठवणीतून घेऊ नका.

माझं मत रोखठोक सांगते. मराठीतलं नावाजलेलं साहित्य वाचायचं असेल तर वाचनालय आणि निवडक ई-पुस्तकं विकत, याला तोड नाही. इंग्रजी रहस्यकथा, प्रेमकथा झपाट्याने वाचत असाल किंवा मराठीतले नवे लेखक धुंडाळायची हौस असेल तर अनलिमिटेड. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, डोळे थकल्यावर ऐकायचं असेल तर ऑडिओ. एकाच माणसाने दोन मेंबरशिपा एकदम चालू ठेवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी.

पैसे भरताना

महिन्याचाच प्लॅन घ्या. वार्षिक प्लॅनवरची सवलत खरी असते, पण ती रोज ऐकणाऱ्याला फळते. आमच्या घरी वार्षिक फक्त सासूबाईंचा आहे, कारण त्यांचा एकही दिवस चुकत नाही. मी पावसाळ्याचे महिने घेते आणि मार्च-एप्रिलमध्ये, मुलांच्या परीक्षा असताना, बंद ठेवते.

घेतल्या घेतल्या चार पुस्तकं डाउनलोड करून ठेवा. गगनबावड्याच्या घाटात रेंज गेली की अ‍ॅप नुसतं गोल फिरत बसतं.

आणि अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं म्हणजे मेंबरशिप बंद झाली, हा समज सोडा. पैसे कापायची परवानगी तशीच जिवंत राहते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे आपोआप कापले जाणारे पैसे जाण्याच्या निदान २४ तास आधी तुम्हाला सूचना यावी लागते, पण १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही. सूचना एसएमएसच्या गर्दीत हरवली की पैसे गेलेच. यूपीआयने भरले असतील तर त्याच यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे नावाचा विभाग असतो. तिथे चालू असलेल्या सगळ्या परवानग्या दिसतात आणि तिथूनच रद्द करता येतात. प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शन पानावरून. फुकट महिना घेतलात तर तो संपायच्या तीन दिवस आधीचा गजर फोनवर त्याच क्षणी लावा आणि त्या दिवशी यादी पुन्हा काढा. तोवर एखादं तरी पुस्तक पुरं झालं नसेल तर तिथेच रद्द करा.