तित्तिराच्या जवळ कसं जायचं

तित्तिर दिसण्याआधी ऐकू येतो. पुण्याहून दिवे घाट चढून सासवडच्या बाजूला निघालात की जे माळ लागतात, तिथे सकाळी सहाच्या सुमारास गाडी बंद करा, काचा खाली घ्या आणि दहा मिनिटं एकमेकांशीही बोलू नका. 'काटीटर, काटीटर, काटीटर' अशी चढत जाणारी हाक आली की तो राखी तित्तिर. एकाने सुरुवात केली की पलीकडच्या बांधावरून दुसरा उत्तर देतो. लगेच गाडीतून उतरू नका. तीन हाका ऐका. तिन्ही एकाच जागेवरून आल्या तर नर एखाद्या दगडावर किंवा उंचवट्यावर उभा आहे. हाक सरकत असेल तर तो चालत चरतोय, आणि चालत्या तित्तिरामागे जाऊन काही हाती लागत नाही. तो उडण्यापेक्षा पळणं पसंत करतो, आणि पळण्यात माणूस त्याला कधीच गाठत नाही.

हे मला आजोबांनी शिकवलं. ते पुरंदरातले. घरात ठासणीची बंदूक होती आणि वाघ्या नावाचा गावठी कुत्रा. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. बंदूक भिंतीला लागली ती लागलीच. आज रानातल्या कुठल्याही तित्तिराची, लाव्याची शिकार हा गुन्हा आहे, आणि माझं मन विचाराल तर तो असायलाच हवा. पण आजोबांना पाखराचं मन कळत होतं, ती विद्या वाया जाऊ नये असंही मला मनापासून वाटतं. गेली पंचवीस वर्षं मी तीच विद्या कॅमेरा घेऊन वापरतो. म्हणून आधी वाघ्याबद्दल सांगतो.

वाघ्या नेहमी वारा तोंडावर घेऊन चालायचा, म्हणजे पाखराचा वास त्याच्यापर्यंत यायचा. वास लागला की एक पाय उचलून दगडासारखा थांबायचा. विलायती पॉइंटर आणि सेटर कुत्री याच कामासाठी पैदास केलेली. सेटर तर पूर्वी पाखरासमोर जमिनीला टेकून बसायचा आणि शिकारी दोघांवरून जाळं टाकायचे. वाघ्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्याच्यात ते होतंच. कुत्रा थांबला की पाखरूही थांबतं. आपल्या रंगावर त्याचा भरवसा असतो. हललो तर दिसू, दबून राहिलो तर हा निघून जाईल, असा त्याचा हिशेब. आजोबा मग कुत्र्याच्या मागून जायचे नाहीत. लांबून वळसा घालून समोरून यायचे, म्हणजे पाखरू दोघांच्या मध्ये सापडायचं आणि पळायला वाट राहायची नाही. मला मागे उभं करून म्हणायचे, "सरळ चालू नगंस पोरा. त्याच्याकडं बघू बी नगंस."

या एका वाक्यात सगळं आलं. तित्तिराला तुमच्या अंतराची तेवढी भीती नसते जेवढी तुमच्या दिशेची असते. शेतकरी पाभर घेऊन वीस पावलांवरून जातो, गुराखी पंधरावरून जातो, तित्तिर चरत राहतो. तुम्ही शंभर पावलांवरून लेन्स रोखून सरळ त्याच्याकडे निघालात की तो गेलाच. म्हणून त्याच्या बाजूने, त्याला ओलांडून पुढे जायचंय अशा रेषेत चाला. दर फेरीला थोडं आत या, नागमोडी. नजर जमिनीवर. सकाळी सूर्य पाठीशी घेतला की फोटोला उजेड चांगला मिळतो खरा, पण सावली लांबच लांब पुढे पडते आणि ती पाखराच्या अंगावर गेली की खेळ संपला. सूर्य खांद्यावर ठेवा, पाठीवर नको. वारा तोंडावर असू द्या. तित्तिर आपला वास घेत बसत नाही, पण वाळलेल्या कुसळी गवतात पाऊल पडलं की होणारी करकर वाऱ्याबरोबर पुढे जाते.

आता थांबायचं कधी, हे नीट लक्षात ठेवा, कारण नवीन माणूस इथेच चुकतो. पाखरू उघड्यावर उभं असेल तर त्याची मान बघा. चरताना ती आत ओढलेली असते. मान काठीसारखी वर झाली, हाक मध्येच तुटली, की जिथे असाल तिथे थांबा. बाजूला बघा, खाली बसा, गवताची काडी उपटा, काहीही करा, पण पुढे जाऊ नका. दोन-तीन मिनिटांत मान खाली येते. मग पुन्हा तिरके पाच पावलं. मी राखी तित्तिराच्या बारा पावलांपर्यंत असा गेलोय, त्याला पाऊण तास लागला. तिथून त्याच्या गळ्याभोवतीची काळी बारीक रेघ आणि तिच्या आतला फिकट पिवळसर रंग दुर्बिणीशिवाय दिसतो.

पाखरू गवतात दबलेलं असेल तर मात्र नियम उलटा. तिथे थांबलात की ते उठतं. चालणारा माणूस निघून जाईल असं त्याला वाटत असतं. तो थांबला म्हणजे आपण दिसलो, असा अर्थ ते काढतं. लाव्यांचा थवा असाच पायाखालून फर्रकन उठतो आणि चारी दिशांना फुटतो, काळजात धस्स होतं. अशा वेळी एकसारख्या चालीने पुढे निघून जायचं, वीस-पंचवीस पावलं लांब जाऊन झुडपाच्या आडोशाला बसायचं. थवा फुटला असेल तरी मागे धावू नका. थोड्या वेळाने लावे एकमेकांना बारीक शीळ घालून पुन्हा गोळा होतात. तुम्ही गप्प बसलात तर ते समोरून चालत येतात.

ही विद्या कुत्र्याकडून आली, तरी कुत्रा सोबत न्यायचा नाही. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. माझा मोती गावठी, शांत, हाक मारली की येणारा. एका ऑगस्टच्या सकाळी सासवडजवळच्या माळावर त्याचा पट्टा सोडला. पाच मिनिटांत तो परत आला तो तोंडात तित्तिराचं पिल्लू घेऊन. जेमतेम सुपारीएवढं. मादी समोरच्या बोरीखालून ओरडत होती. मी मोतीला गाडीत बांधलं आणि त्या माळावर पुढचं वर्षभर गेलो नाही. पट्टा लावलेला असला तरी फरक पडतो. एकटा असताना जो तित्तिर मला पंचवीस पावलांवर खपवून घ्यायचा, तो मोती सोबत असताना साठ पावलांवरून उठायचा. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे. तिथे मोर आहेत, तित्तिर आहेत, आणि दोघांची घरटी जमिनीवर असतात. पट्टा सोडू नका. उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत तर पायवाट सोडून गवतात कुणीच शिरू नये, माणसानेही.

पावसाळ्यात जायचं असेल तर रंगीत तित्तिरासाठी जा. जुलैमध्ये तो चक्क झाडावर चढून ओरडतो, त्यामुळे शोधावा लागत नाही. मागे जेजुरीच्या अलीकडे एका हिवराच्या फांदीवर नर बसला होता. पाऊस नुकताच थांबलेला. हाक देण्याआधी तो अंग सैल सोडायचा, चोच थोडी वर करायचा आणि तांबूस गळा फुगवायचा. मग ती कर्कश, तुटक 'चिक-चीक-केर्रे'. प्रत्येक हाकेला पोटावरचे पांढरे ठिपके एकत्र यायचे आणि पुन्हा सुटे व्हायचे, फांदीवरून दोन थेंब पडायचे. मी गाडीतून उतरलोही नाही. पाऊस उघडल्यावर गवत ओलं असतं, तेव्हा राखी तित्तिरसुद्धा अंग वाळवायला मुरमाच्या रस्त्याच्या कडेला येतो. ती वेळ सोडू नका.

गाडी हा सगळ्यात चांगला आडोसा आहे. दार उघडेपर्यंत पाखराच्या लेखी आत माणूस नसतो. मी जुन्या पँटचा एक पाय कापून त्यात दोन किलो ज्वारी भरून शिवून घेतलाय. तो खिडकीवर टाकायचा, त्यावर लेन्स ठेवायची. इंजिन बंद, नाहीतर थरथर येते.

पखुर्डीची, म्हणजे सँडग्राउज या माळावरच्या पाखराची, गोष्ट निराळी. ती दिवसभर ढेकळांच्या रंगात मिसळून बसते, तिच्याजवळ जाण्यापेक्षा ती जिथे येते तिथे आधी बसावं. साधी पखुर्डी ऊन वर आल्यावर सकाळी पाण्यावर येते, रंगीत पखुर्डी संध्याकाळी अंधार पडता पडता. नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांना पाणी नेतो. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या ओढ्यात एकच डबकं उरलं होतं. त्याच्या काठी आजोबांनी मला बाभळीआड बसवून पखुर्ड्या दाखवल्या आणि लगेच उठवून नेलं. "आपण हितं बसलो तर ती तहानलेली जातील," म्हणाले. म्हणून माझा नियम असा, की उन्हाळ्यात आसपास एकच पाणवठा असेल तर तिथे बसायचं नाही. दुसरं पाणी जवळ असेल तरच, तेही काठापासून चाळीस-पन्नास पावलांवर, पाखरं येण्याच्या अर्धा तास आधी जाऊन.

मोबाइलवर हाक वाजवून नराला बोलावू नका. पूर्वी पारधी पिंजऱ्यात पाळीव तित्तिर ठेवून रानातल्या नराला बोलवायचे, तो भांडायला यायचा आणि फाशात सापडायचा. आपण फासा लावत नसलो तरी त्याची सकाळ भांडणातच जाते. फोटो टाकताना माळाचं नावही लिहू नका.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी सुप्याचं मयुरेश्वर अभयारण्य गाठावं, नाहीतर इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी किंवा बारामतीकडचं शिर्सुफळ. कडबनवाडी आणि शिर्सुफळ या दोन्ही ठिकाणी वनखात्याची गवताळ सफारी आहे. माळ कसा वाचायचा ते तिथे कळतं, मग एकट्याने फिरा. शेताच्या बांधावरून जाताना मालकाला विचारून जा. पाखरं कुठे चरतात ते त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

परत निघतानाही आला होतात तसेच तिरके, हळू निघा. फोटो झाला म्हणून एकदम उठून उभं राहिलात तर इतका वेळ निवांत असलेलं पाखरू घाबरून उडतं आणि पुढच्या वेळी तुम्हाला लांबूनच ओळखतं. पाठ करून वीस-तीस पावलं आलात की मागून हाक पुन्हा सुरू व्हायला हवी. नाही झाली तर आज जास्त जवळ गेलो होतो असं समजा. पायमोज्यांत रुतलेली कुसळं टोचत असली तरी ती गाडीपाशी येऊन काढा, माळावर बसून नको.