बिल्डिंगच्या लाइट शोचा सिंक बिघडतोय? या चुका टाळा

टेस्टिंगला सगळं झक्कास चालतं आणि उद्घाटनाच्या संध्याकाळी इमारतीची डावी बाजू लाल झालेली, उजवी अजून निळ्यातच रमलेली. मग कोणीतरी लॅपटॉप उघडून प्रोग्रॅममध्ये खाडाखोड सुरू करतो. अहो, काल बरोबर चाललेला प्रोग्रॅम रातोरात आपोआप बिघडत नाही, बहुतेक वेळा घोळ वायरीत, पत्त्यात नाहीतर घड्याळात असतो, त्यामुळे लॅपटॉप सगळ्यात शेवटी उघडा.

आधी वायर. डीएमएक्सची लाइन (कंट्रोलरकडून लाइटना हुकूम नेणारी डेटा वायर) एका फिक्स्चरमधून, म्हणजे लाइटच्या एका युनिटमधून, दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी ओळीने जायला हवी, पण साइटवर इलेक्ट्रिशियन सवयीने मध्येच जॉइंट मारून दोन-तीन फाटे काढून मोकळा होतो, कारण सप्लायच्या वायरीला ते चालतं ना. इथे नाही चालत. सिग्नल प्रत्येक फाट्याच्या टोकाला आपटून मागे येतो आणि मग लाइट मधूनच फडफडतात. फाटे हवेच असतील तर स्प्लिटर, म्हणजे सिग्नल वेगवेगळ्या लाइनींत वाटणारा डबा, लावा, एका लाइनवर ३२ च्या वर फिक्स्चर टांगू नका आणि माइकची केबल वापरू नका, दिसायला सारखीच असली तरी तिचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) वेगळा असतो. शेवटच्या फिक्स्चरवर १२० ओहमचा टर्मिनेटर, म्हणजे सिग्नल मागे न पाठवता तिथेच जिरवणारा तुकडा, हवाच. दहा-वीस रुपयांचा रेझिस्टर, पण नेमका तोच राहून जातो.

तपासायला मल्टिमीटर पुरतो. सगळा सप्लाय बंद करा, कंट्रोलरकडची पिन काढा आणि त्या लाइनच्या पिन २ आणि ३ मध्ये ओहम मोजा. १२० च्या आसपास, किंवा फिक्स्चर बरेच असतील तर शंभरच्या जरा खाली आलं तर ठीक. आकडा हजारांत गेला किंवा काहीच आलं नाही तर वायर तुटलीय किंवा टर्मिनेटर नाहीये, आणि ६० च्या जवळ आलं तर मध्येच कोणीतरी दुसरा टर्मिनेटर लावून ठेवलाय. एवढ्याने अर्धं काम होतं, शिडीवर चढायच्या आधीच!

आता पत्ता, म्हणजे फिक्स्चरने कितव्या चॅनलपासून वाचायचं तो नंबर. आरजीबीडब्ल्यू फिक्स्चर (लाल, हिरवा, निळा, पांढरा) चार चॅनलचा, प्रत्येक रंगाला एक, म्हणजे पत्ते १, ५, ९, १३ असे. पण बदली म्हणून आलेला पीस बॉक्समधून निघतानाच सात चॅनलच्या मोडवर असला की तो स्वतः भलतेच रंग दाखवतो, वर शेजाऱ्याचे चॅनलही वाचतो, आणि सगळ्यांना वाटतं शो मागे पडतोय. नेटवर्कवरून चालवत असाल तर अजून एक गंमत: डीएमएक्स नेटवर्कवरून पाठवायच्या दोन पद्धती आहेत, त्यातल्या आर्ट-नेटमध्ये युनिव्हर्स (५१२ चॅनलचा एक गट) ० पासून मोजतात आणि एसएसीएनमध्ये १ पासून, त्यामुळे एका बाजूने ० धरला, दुसरीने १ की सगळं एक घर सरकतं. आणि हे सगळं वायफायवर चालवायचा मोह टाळा, साधी लॅन केबल ओढा.

पिक्सेल स्ट्रिपचं, म्हणजे प्रत्येक एलईडी वेगळा चालवता येणाऱ्या पट्टीचं, दुखणं वेगळं. पांढरा रंग लावल्यावर शेवटची टोकं पिवळट किंवा लालसर दिसली तर तो व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे टोकापर्यंत व्होल्टेज कमी पडतंय, मधून मधून सप्लाय द्या. दोन वेगळे पॉवर सप्लाय असतील तर त्यांचे ग्राउंड जोडलेत का बघा, नाहीतर डेटा भरकटतो. शिवाय ८०० किलोहर्ट्झच्या स्ट्रिपला एका पिक्सेलमागे ३० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे कंट्रोलरच्या एकाच पोर्टवर १००० पिक्सेल ओढले तर एका फ्रेमलाच ३० मिलिसेकंद गेले. लोड चार पोर्टवर वाटा.

उरलं घड्याळ. इथे लक्षण नीट बघा. सुरुवातीला जुळतं आणि गाणं संपेपर्यंत सुटतं, तर घड्याळ जुळत नाहीये: टाइमकोड (आवाज आणि लाइट जुळवणारा वेळेचा सिग्नल) एकीकडे सेकंदाला ३० फ्रेमवर आणि दुसरीकडे २९.९७ वर ठेवला की दहा मिनिटांत साधारण ०.६ सेकंदाचा फरक पडतो. एसडी कार्डवाले कंट्रोलर आपापल्या मर्जीने धावतात, त्यांच्या घड्याळातल्या साध्या क्रिस्टलमधला २० पीपीएमचा (दहा लाखांत वीसचा) फरकसुद्धा दिवसाला पावणेदोन सेकंद होतो, म्हणून प्रत्येक लूपच्या सुरुवातीला सगळ्यांना एकच ट्रिगर द्या किंवा वेळ जीपीएसवरून घ्या.

पण पहिल्या ठोक्यापासून अंतर ठरावीकच असेल तर तो डिले. ब्लूटूथ स्पीकर असेल तर आधी तो काढा. आणि आवाजालाही वेळ लागतोच, सेकंदाला साधारण ३४० मीटर, म्हणजे स्पीकर इमारतीपाशी आणि पब्लिक १०० मीटरवर असेल तर ठोका ०.३ सेकंद उशिरा ऐकू येणार. हाँगकाँगला २००४ पासून रोज रात्री बंदराच्या दोन्ही काठांवरच्या इमारतींवर शो होतो, तिथे संगीत प्रेक्षक उभे असतात त्या किनाऱ्यावरच वाजवतात. तुम्हीही स्पीकर लोकांजवळ आणा.

एवढं करूनही एखादाच फिक्स्चर अडून बसला तर त्याची जागा शेजारच्याशी बदलून बघा, पत्ते मात्र त्या त्या जागेप्रमाणे सेट करा. दोष त्याच्यासोबत गेला तर पीस खराब, जागेवरच राहिला तर केबल किंवा जॉइंट, आणि पावसाळ्यानंतर असेल तर जंक्शन बॉक्स उघडूनच बघा, पाणी सापडायची शक्यता चांगलीच आहे.